दाऊद परकार यांचे दोनशे बारा नग

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरी तालुक्यातल्या एका बागेत, ओमानमधल्या बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीतून आणलेला सव्वाचारशे ग्रॅम वजनाचा निळा स्फटिक चुन्याच्या पाण्यात कालवून अठरा पोफळींवर फवारण्यात आला. फवारणाऱ्याचे नाव सलीम. आपण काय फवारतो आहोत हे त्याला ठाऊक होते: मोरचूद. ते कोणाचे आहे, हे त्याने विचारले नव्हते.

स्फटिक दाऊद परकार यांचा होता. परकार त्या वेळी मस्कतजवळ सीबमध्ये राहत होते आणि सलीम हा त्यांचा मेव्हणा.

परकार एका ड्रिलिंग कंपनीत एकतीस वर्षे स्टोअरकीपर होते. कंपनी डोंगरात भोके पाडून द्यायची. भोकांत काय सापडले ते दुसऱ्यांचे. परकारांचे काम पाइप, बिट, ग्रीस आणि नटबोल्ट साइटवर पोचवण्याचे. जाताना गाडी भरलेली असे, येताना रिकामी. रिकामी गाडी परत आणणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तिथून दगडांना सुरुवात झाली.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर सात वर्षे राहिलो. मी इथल्या, मस्कतमधल्या, एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. त्याला ते ‘चुका काढायची नोकरी’ म्हणत आणि या एका कारणाने मला आपल्या बरोबरीचा मानत.

उंच, सडपातळ, खिशाला दोन पेने. इतर लोक गळ्यात ओळखपत्र अडकवतात तिथे परकारांच्या गळ्यात भिंग असे. समोर आलेली कोणतीही वस्तू ते आधी उलटी करून पाहत. हॉटेलात बशी, लग्नात आहेर, मशिदीबाहेर स्वतःची चप्पल. दगड असेल तर चाटत. ओला झाल्यावर दगडाचा खरा रंग कळतो, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. शेजारच्या बौशरमधल्या एका मॉलबाहेर त्यांनी फुलझाडांच्या वाफ्यातला दगड चाटला तेव्हा सुरक्षारक्षकाने त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. त्यांनी आभार मानले आणि ते पाणी दगडावर ओतले.

जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोन प्रकार होते. कंपनीच्या आवारातून कोणतीही वस्तू बाहेर काढायची तर गेट पास लागतो आणि त्यावर लिहावे लागते: रिटर्नेबल किंवा नॉन-रिटर्नेबल, परत येणारी किंवा न येणारी. थोरल्या मुलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते. परकार डोळे पुसत म्हणाले, “नॉन-रिटर्नेबल.” मुलगी रडता रडता थांबली. म्हणाली, “अब्बा, मी दर सुट्टीत येणार.”

“मग तसं आधी सांगायचं. मी चुकीचं लिहिलं असतं.”

दगडांचे गेट पासही त्यांनी बनवले होते. प्रत्येक दगडाचा एक, तीन प्रतींत. साइटवरचा सुपरवायझर कोणत्याही देशाचा असो, परकार त्याच्यापुढे कागद धरत: ‘दगड, एक नग, हिरवा, टाकाऊ ढिगाऱ्यातून, नॉन-रिटर्नेबल.’ सुपरवायझर हसत आणि सही करत. एकाने सही करायला नकार दिला, कारण त्याच्या मते दगड हिरवा नव्हता, निळसर होता. परकारांनी भिंगातून पुन्हा पाहिले, कागद फाडला आणि नवा लिहिला. तो माणूस पुढे त्यांचा मित्र झाला.

प्रत्येक दगडाखाली लेबल. परकार दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले होते, लेबले मराठीत असत. वरच्या ओळीत ठळक अक्षरांत नाव, खाली बारीक अक्षरांत स्थळ, तारीख आणि उचलणारा. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी त्यांचे स्वतःचे नाव होते. सतरा ठिकाणी ‘सावंत’ होते, त्यातल्या चार ठिकाणी ‘सावंत (चुकून)’.

सावंत कणकवलीचे. एसी दुरुस्तीचे काम करत. परकारांकडे कंपनीची पिकअप होती, पण ती सुट्टीच्या दिवशी खाजगी कामाला वापरायची नाही असा कंपनीचा नियम होता आणि तो पाळणारा सगळ्या कंपनीत एकच माणूस होता. म्हणून शनिवारी सावंतांची गाडी. सावंतांना दगडांत रस नव्हता. त्यांना गाडी चालवायला आवडे आणि परकारांच्या घरून येणारा डबा आवडे.

“दाऊदभाई, आपल्या गावाक काय दगड कमी हत?” हा प्रश्न ते जाताना विचारत.

“आपल्या गावाला जांभा. एकच रंग. लाल. माणसाला कंटाळा येतो,” हे उत्तर ठरलेले.

एका हिवाळ्यात सीब आणि बौशरमधल्या मराठी कुटुंबांची सहल निघाली. जागा सुचवायचे काम परकारांकडे आले, कारण डोंगरातले रस्ते त्यांना पाठ होते. त्यांनी सांगितले की पाणी आहे, सावली आहे, निसर्ग आहे. अकरा गाड्या त्यांच्या मागे निघाल्या आणि सव्वादोन तासांनी एका क्रोमाइटच्या खाणीच्या ढिगाऱ्यापाशी थांबल्या. पाणी टँकरमध्ये होते. सावली टँकरची होती. निसर्गाबद्दल विचारणा झाली तेव्हा परकारांनी एक काळा दगड हातोडीने फोडला. आतल्या फटीत हिरवे बारीक स्फटिक चमकत होते, साखर सांडावी तसे.

बायकांनी टँकरच्या सावलीत सतरंज्या घातल्या. पुरुषांनी परकारांना काय काय ऐकवले ते इथे देत नाही. मुले मात्र ढिगाऱ्यावर चढली. त्यातल्या एकाने विचारले, “अंकल, हा रिअल दगड आहे?”

“खोटा दगड तू कुठे बघितलास?”

“मॉलमध्ये. तिथे सगळे रॉक्स प्लास्टिकचे आहेत.”

परकारांनी फोडलेल्या दगडाचा अर्धा भाग त्याच्या हातात ठेवला.

त्या दिवशी बौशरच्या कुलकर्णीबाईंनी कुंडीत ठेवायला एक देखणा हिरवट दगड उचलला. परकारांनी त्यांच्याकडून चिठ्ठीवर सही घेतली: ‘सौ. कुलकर्णी, एक नग, कुंडीसाठी.’ दोन महिन्यांनी नग जागेवर आहे का ते पाहायला परकार त्यांच्या घरी गेले. जागेवर होता. बाईंनी त्याला सोनेरी रंग दिला होता. परकार चहा न घेता परतले आणि जिना चढताना माझ्या दारात थांबून एवढेच म्हणाले, “दगडाला रंग! त्यांना काय कमी होता तो?”

माझ्या छताला तडा गेला तेव्हा घरमालक पाहायला आले. इमारतीत सगळे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत. वय सत्तरच्या पुढे, हातात काठी. वरच्या घरात दगड आहेत असे मी सांगितले. वजनाचा अंदाज विचारल्यावर मी माहीत नाही म्हणालो. अर्बाब चिडून वर गेले. दोन तास खाली आले नाहीत. शेवटी मीच वर गेलो. ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, पुढ्यात खजूर आणि काळा चहा, हातात एक मॅलाकाइट. त्यांच्या आजोबांच्या गावात बांधाबांधाला असे हिरवे दगड होते आणि लहानपणी त्यांनी ते शेळ्यांना मारले होते, असे ते सांगत होते. परकार विचारत होते, कोणते गाव, बांध कोणत्या बाजूचा.

दुसऱ्या दिवशी अर्बाबनी त्यांना एक लोखंडी मांडणी पाठवली. तडा मी निघेपर्यंत तसाच होता.

आता निळा स्फटिक.

तो सोहारच्या मागच्या डोंगरात मिळाला. बंद खाण, बोगद्याचे तोंड. बोगद्यात शिरायचे नाही हा परकारांचा नियम; तोंडाशी हाताला लागेल तेच घ्यायचे. तिथे खडकातून पाझरणारे पाणी एका खाचेत साठून वर्षानुवर्षे सुकत गेले होते आणि खाचेत निळ्या काचेसारखा गड्डा तयार झाला होता. सावंतांनी तो आधी उचलला आणि परकारांची सवय लागलेली असल्याने जिभेकडे नेला. परकारांनी त्यांच्या हातावर फटका मारला.

“विष आहे, मेल्या! आमच्याकडे पोफळीवर मारतात हे.”

भूशास्त्रात त्याला मोठे इंग्रजी नाव आहे. परकारांनी लेबलावर ‘मोरचूद’ लिहिले. बाकी सगळ्या दगडांना त्यांनी पुस्तकातली नावे दिली होती. ज्याला आपल्या भाषेत नाव आहे त्याला दुसरे कशाला, असे त्यांचे मत होते. उचलणारा: सावंत.

हा दगड पाण्यात विरघळतो. दमट हवेत घाम फुटल्यासारखा ओलावतो, फार कोरड्या हवेत पांढरा पडून भुगा होतो. सीब समुद्रकाठी आहे. परकारांनी तो काचेच्या बरणीत ठेवला, झाकणाभोवती मेण ओतले, बरणी बेडरूमच्या कपाटात ठेवली आणि बेडरूमचा एसी चोवीसवर लावला. तो नऊ वर्षे चोवीसवर होता. मध्यंतरी हॉलमधला एसी जळाला. ईदचे पाहुणे येणार होते. बेडरूमचा एसी काढून हॉलमध्ये लावू, असे सावंतांनी सुचवले.

परकार म्हणाले, “पाहुण्यांना घाम आला तर पुसता येतो. ह्याला घाम आला की हा संपला.”

रुकय्याभाभी, म्हणजे परकारांच्या पत्नी, मुलींची लग्ने उरकल्यावर इथे राहायला आल्या होत्या. त्या मोजकेच बोलत आणि ते बहुतेक दगडांबद्दल असे. “दगडाला एसी, पाहुण्यांना पंखा,” असे त्यांनी त्या ईदला प्रत्येक पाहुण्याला स्वतंत्रपणे सांगितले.

गेल्या वर्षी परकार साठ वर्षांचे झाले. कंपनीने जूनअखेर निवृत्तीचे पत्र दिले. त्यानंतर व्हिसा रद्द, घर रिकामे, गाव. प्रश्न दगडांचा होता. देशाबाहेर न्यायचे तर सरकारी परवानगी लागते. परकारांनी अर्ज केला नाही. आपण नेले तर गावात ते कुंपणाला लागतील, असे त्यांना वाटत होते, आणि या बाबतीत रुकय्याभाभींनी त्यांना धीर दिला नाही.

“मग टाकून द्या,” सावंत म्हणाले. “डोंगरातले डोंगरात.”

“कुठल्या डोंगरात?”

“खयच्याय.”

हे शक्य नव्हते. एका खाणीचा दगड दुसऱ्या खाणीवर टाकला, तर उद्या तिथे कोणी अभ्यासाला येईल, तो उचलील आणि चुकीचे लेबल लिहील. ही कल्पना परकारांना सहन होत नव्हती. त्यांनी एक तक्ता केला. दोनशे बारा नग, तेवीस ठिकाणे. कोणीच संग्रह घेतला नाही, तर प्रत्येक दगड त्याच्या त्याच्या ढिगाऱ्यावर नेऊन ठेवायचा. तक्त्याप्रमाणे सहा शनिवार लागत होते. हातात चार होते.

याच सुमाराला अर्बाबनी आपल्या भाचीला सांगितले. डॉ. मुना इथल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत. त्यांनी फोटो मागवले. परकारांनी दोनशे बारा फोटो पाठवले. उत्तर एका ओळीचे आले: निळा पाहायला येते, मग बाकीचे ठरवू. भेटीचा दिवस जूनच्या मध्यावर ठरला.

तो निरोप आला त्या दिवशी परकारांनी निळ्याचा ताजा फोटो काढायला कपाट उघडले. बरणी नव्हती. ती स्वयंपाकघरात होती. धुऊन पालथी घातलेली.

पुढचे संभाषण मला सावंतांनी सांगितले. ते त्या वेळी स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन साफ करत स्टुलावर उभे होते आणि शेवटपर्यंत खाली उतरले नाहीत.

“रुकय्या, ह्यातला दगड?”

“मोरचूद होय? सलीमला पाठवलं. दोन वर्षं त्याची सुपारी कोळे रोगानं गळतेय. बाजारातलं मोरचूद भेसळीचं. शेजारगावचा अश्रफ गेल्या आठवड्यात सुट्टीवर गेला, त्याच्याबरोबर दिलं डब्यातून.”

“दिलं?”

“मग काय करू? वाया घालवू?”

“अगं, दगड देशाबाहेर न्यायला परवानगी लागते.”

“दगडांना लागते. मोरचूद कधीपासून दगड झालं? लेबल तुम्हीच लावलंत. मी वाचून मगच दिलं.”

लेबल खरोखर त्यांनीच लावले होते. भाभींनी पहिली ओळ वाचली होती, आणि पहिली ओळ बरोबर होती.

त्यांनी सलीमला फोन लावला. सलीम खुशीत होता. “भावजी, एक नंबर माल! आपल्या बाजारात असा निळा बघायला मिळत नाय. आजून असेल तर धाडा, वरच्या अंगाला कमी पडला.”

“किती झाडांवर मारलंस?”

“अठरा.”

“कुठली?”

“विहिरीकडची. का वो?”

“काही नाही. नोंद करायची होती.”

त्यांनी खरोखर नोंद केली. गेट पासशिवाय बाहेर गेलेला तो एकमेव नग होता. सावंतांनी मागची तारीख टाकून पास बनवायला सांगितले. परकारांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की सावंतांनी विषय बदलून फॅनच्या ग्रीसचा काढला. परकारांनी त्या दिवसाचीच तारीख टाकली. शेरा: ‘माल अगोदरच गेलेला आहे. फवारला.’ भाभींनी पुढचे तीन दिवस परकारांना आवडणारी वाफवलेली सांदणे केली. परकारांनी रोज दोन खाल्ली. तिसऱ्या दिवशी तिसरे मागितले, तेव्हा भाभी पुन्हा पूर्वीसारख्या बोलू लागल्या.

निळा नसेल तर डॉ. मुना बाकीचे पाहणार का, हा प्रश्न राहिला. तो सावंतांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला. शेतीच्या औषधांच्या दुकानातून त्यांनी मोरचुदाची पूड आणली, गरम पाण्यात मुरेल तितकी मुरवली, लोणच्याच्या बरणीत दोऱ्याला एक खडा टांगला आणि बरणी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवून दिली. दहा दिवसांनी ते बरणी घेऊन वर आले. आत मुठीएवढा स्फटिक होता. कडा सुरीसारख्या. मूळचा इतका चांगला नव्हता.

“बघा, दाऊदभाई. तुमच्या डोंगरापेक्षा बरो जमलो. डॉक्टरणीक काय कळतला? निळो तो निळो.”

परकारांनी भिंग लावले. बराच वेळ पाहिले. उलटा केला. पुन्हा पाहिले.

“सावंत, हा सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण हा दगड नाही. ही तुमची पाककृती आहे.”

“म्हणजे ठेवूचो नाय?”

“ठेवायचा. लेबल लावून.”

डॉ. मुना ठरल्या दिवशी दुपारी चारला आल्या. लहानपणी टीव्हीवर हिंदी मालिका पाहिल्याने त्यांचे हिंदी चांगले होते. रडण्याच्या प्रसंगांचे शब्द विशेष चांगले होते. दगडांकडे त्यांनी कमी पाहिले. गेट पासची फाइल घेतली आणि एकेक पान उलटत राहिल्या. लेबले त्यांनी परकारांना वाचून दाखवायला सांगितली. परकार भाषांतर करत वाचत होते. सावंत दाराशी उभे होते. मी खिडकीशी.

मग त्या निळ्याकडे आल्या. चेहरा उजळला. परकारांनी लेबल वाचले: “मोरचूद. जगह: सावंत का किचन, सीब. लोणचे का, मतलब अचार का बरनी. कुदरती नहीं है. बनानेवाला: सावंत.”

डॉ. मुनांनी सावंतांकडे पाहिले. सावंतांनी जमिनीकडे पाहिले.

“और असली?”

“असली इंडिया में है, डॉक्टर.”

“इंडिया में किधर?”

“पेड़ पे. अठारह पेड़ पे.”

तेवढ्यात भाभी चहा घेऊन बाहेर आल्या आणि ट्रे खाली ठेवत म्हणाल्या, “मैंने भेजा. सुपारी को बीमारी थी.”

डॉ. मुनांनी विचारले, “फायदा हुआ?”

“अभी किधर. ऑगस्ट में पता चलेगा.”

डॉ. मुना चहा प्यायल्या. दोन कप. निघताना म्हणाल्या की विभागप्रमुखांना विचारावे लागेल, कॉलेजात एकच कपाट आहे, त्यात कदाचित साठ नग बसतील, कदाचित काहीच नाही. इन्शाल्ला.

एकतीस वर्षांत परकारांनी इन्शाल्लाचे तीन प्रकार ओळखले होते: होय, नाही, आणि पुन्हा विचारा. त्या रात्रीच्या जेवणाला त्यांनी सांगितले की हा चौथा होता, तो त्यांना कळला नाही.

आठ दिवस फोन आला नाही. हातात शनिवार एकच उरला होता. परकारांनी तक्ता काढला आणि तेवीस ठिकाणांतले सगळ्यात जवळचे निवडले: सीबपासून दीड तासावरची तांब्याची जुनी खाण. तिथले चौदा दगड होते, सगळे एका ट्रेमध्ये. निदान हे तरी घरी पोचतील, असे ते म्हणाले. सावंतांनी गाडी काढली. भाभी पुढे बसल्या, मी आणि परकार मागे, ट्रे परकारांच्या मांडीवर.

आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते आणि गाडीच्या दरवाज्याच्या कडीला उन्हाने हात लावता येत नव्हता. परकारांनी प्रत्येक लेबल वाचून दगड ठेवला. उत्तर बाजू, पायथ्याशी. उत्तर बाजू, मोठ्या खडकाच्या डावीकडे. काही दगड ते ठेवून पुन्हा फिरवत, कारण उचलला तेव्हा हिरवी बाजू खाली होती. चौदा दगडांना तासभर लागला. मग ते गाडीत येऊन बसले आणि पाणी मागितले. भाभींनी बाटली दिली आणि आपल्या ओढणीने त्यांच्या मानेवरचा घाम पुसला. सावंतांनी गावच्या दगडांचा विषय काढला नाही.

गाडी मुख्य रस्त्याला लागली तेव्हा फोन वाजला. डॉ. मुना. विभागप्रमुखांनी मान्यता दिली होती. साठ नाही, सगळे. कागदांसकट. पण कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागते आहे, मंगळवारच्या आत पोचले पाहिजेत.

“सगळे?” परकारांनी विचारले.

“सब.”

“सावंत,” परकार म्हणाले, “यल्ला. गाडी फिरवा.”

तेरा दगड अर्ध्या तासात मिळाले. चौदावा मिळाला नाही. लिंबाएवढा मॅलाकाइट, उत्तर उतार. त्या उतारावर लिंबाएवढे हिरवे खडे किती होते ते मोजणे शक्य नव्हते. परकार उकिडवे बसून एकेक खडा उचलत, भिंगातून पाहत आणि होता तिथेच ठेवत. भाभींनी काच खाली केली.

“अहो, आत्ताच ठेवलात ना तुम्ही?”

“ठेवला ना! नीट ठेवला, म्हणून तर सापडत नाही.”

सावंतांनी एक खडा आणून दिला. “ह्यो घ्या, दाऊदभाई. अगदी तसोच हा.”

परकारांनी तो पाहिला. थुंकी लावून पाहिला. “तसाच आहे,” ते म्हणाले. “तो नाही.”

जून महिन्यात इथे दुपारी साडेबारापासून साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी असते. तो नियम कामगारांसाठी आहे. परकार तो सुट्टीच्या दिवशीही पाळत. त्या दिवशी त्यांनी घड्याळ पाहिले नाही. बारा चाळीसला भाभी गाडीतून उतरल्या, ढिगारा चढून गेल्या आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. आपल्या ओढणीचे टोक परकारांच्या डोक्यावर धरले. दोन-तीन मिनिटांनी परकार उठले.

“खलास,” ते म्हणाले.

सोमवारी कॉलेजची गाडी येऊन सोळा ट्रे घेऊन गेली. परकार आणि भाभी जूनअखेर दुपारच्या विमानाने मुंबईमार्गे गावी गेले. त्यांच्या सामानाचे वजन मर्यादेपेक्षा नऊ किलो कमी भरले. ऑगस्टमध्ये परकारांना सलीमचा फोन आला: विहिरीकडच्या अठरा झाडांची गळ कमी आहे. त्या झाडांची गळ दरवर्षीच कमी असते, असे रुकय्याभाभींनी सांगितले.

कॉलेजच्या नोंदवहीत दोनशे अकरा नगांची नोंद आहे. त्यातला एक ‘सावंत यांचे स्वयंपाकघर’ या स्थळाचा आहे. कपाट पहिल्या मजल्यावर, प्रयोगशाळेच्या दाराशेजारी आहे. चौदाव्या ट्रेमध्ये एक खाच रिकामी आहे आणि तिच्याखाली परकारांच्या अक्षरात लेबल आहे: ‘मॅलाकाइट. स्थळ: खाणीचा ढिगारा, उत्तर उतार. सध्या: तिथेच.’